बाथरूमची पाइपलाइन: भिंतीला छिन्नी लावण्याआधी

बाथरूमचं काम निघालं की घरमालक आधी टाइल्सचे रंग बघायला धावतात. मी त्यांना सांगते, रंग राहू द्या, आधी डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे की नळाकडे जाईल ते ठरवणारा कॉक), मिक्सर (गरम-गार पाणी एकत्र करणारा नळ) आणि गीझरचं मॉडेल पक्कं करा. कन्सिल्ड, म्हणजे भिंतीत लपलेल्या डायव्हर्टरची बॉडी भिंतीत किती खोल बसवायची, याचे किमान-कमाल आकडे त्याच्या खोक्यातल्या कागदावर दिलेले असतात. ही खोली विटेपासून नव्हे, टाइल लागल्यावरच्या भिंतीपासून मोजायची. प्लास्टर, चिकटवायचा थर आणि टाइल धरून सहज 25-30 मिमी होतात. ते विसरलं की शेवटी एक्स्टेन्शन निपल, म्हणजे लांबी वाढवणारा जोडतुकडा, शोधत फिरा.

उंचीचंही तसंच. तयार फरशी जिथे येणार, तिच्यापासून बरोबर एक मीटरवर लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून चारही भिंतींना रेघ मारून घ्या आणि प्रत्येक माप त्या रेघेपासून घ्या. बेसिनचे अँगल कॉक (बेसिनखालचे छोटे बंद-चालू कॉक) फरशीपासून 50-60 सेंमी, डायव्हर्टर रेघेच्या आसपास, शॉवर 2 ते 2.1 मीटर. वॉल मिक्सरच्या दोन पॉइंटमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत 150 मिमी. गरम डावीकडे, गार उजवीकडे. शॉवरसाठी मात्र घरातल्या सर्वांत उंच माणसाला भिंतीशी उभं करा आणि मगच खूण करा.

आता दाब. टाकी केवढी आहे याला महत्त्व नाही, ती किती उंचावर आहे ते बघा. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार (बार हे दाबाचं एकक). टाकीचा तळ शॉवरच्या 3 मीटर वर असेल तर मिळणार 0.3 बार, त्यातूनही पाइप आणि एल्बो आपला वाटा कापून घेतात. एवढ्यावर थाळीएवढा रेन शॉवर नुसता ठिबकतो. हौस असेलच तर प्रेशर पंप लावावा लागेल.

पंप लावताना एक घोळ मला वारंवार दिसतो. पंप फक्त गार लाइनला आणि गीझरला पाणी थेट टाकीतून. एकाच दांड्याच्या मिक्सरचा (सिंगल लिव्हर) दांडा मध्यावर आणला की जोरातलं गार पाणी गरम लाइनमध्ये उलटं शिरतं. शॉवरला गरम पाणी येत नाही आणि सगळे मिळून गीझरला शिव्या घालतात. म्हणून पंपाच्या पुढे टी (तीन तोंडांचा जोड) टाकून गार लाइनचा आणि गीझरचा असे दोन्ही फाटे तिथूनच काढा. गीझरच्या इनलेटला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) हवा, सोबत सेफ्टी व्हॉल्व्हही (जादा दाब बाहेर सोडणारा). हा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गीझर यांच्या मध्ये बंद करता येईल असा कॉक कधीही टाकू नका. पंप जास्तीत जास्त किती दाब देतो आणि गीझर किती सोसतो, हे आकडे खरेदीआधीच शेजारी शेजारी ठेवून बघा.

प्लास्टिक पाइपांपैकी गरम लाइनला उष्णता सोसणारा सीपीव्हीसी, यूपीव्हीसी फक्त गारला. मुख्य फाटा पाऊण इंची, नळापर्यंतचा शेवटचा तुकडा अर्धा इंची. सरसकट जाड पाइप घालू नका. पाऊण इंची सीपीव्हीसीच्या 8 मीटर लांबीत जवळपास 2 लिटर पाणी मावतं, अर्ध्या इंचीत सुमारे 1 लिटर. गरम पाणी येईपर्यंत तेवढं गार पाणी रोज वाया जाणार. गीझर शॉवरच्या जितका जवळ तितकं बरं. सीपीव्हीसी तापल्यावर वाढतोही: 40 अंशांनी तापला तर 3 मीटरमागे सुमारे 8 मिमी. लांब सरळ लाइन दोन्ही टोकांना घट्ट आवळू नका, एखादं वळण द्या. टाकीवर चालणारी लाइन मध्येच वर चढवून पुन्हा खाली आणली की त्या उंचवट्यात हवा अडकते, ते टाळा. बाथरूमचा मेन कॉक हात पोचेल अशा जागी ठेवा.

प्लास्टरआधी सगळ्या तोंडांना प्लग लावा. सोल्व्हंटचे (पाइप चिकटवायच्या द्रावाचे) जोड दिवसभर वाळू द्या, मग हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब भरा. पाइपात हवा शिल्लक राहिली तर दाब दाखवणारा गेज फसवतो, म्हणून सर्वांत वरच्या पॉइंटमधून ती आधी काढून टाका. काटा निदान दोन-तीन तास जागचा हलता कामा नये. मग प्रत्येक भिंतीला मापाची टेप लावून फोटो काढा, आरसा टांगायला ड्रिल मारायची वेळ येईल तेव्हा लागतील.