पेटंट मिळालं, आता त्याची किंमत किती? या चुका टाळा

पेटंटचं सर्टिफिकेट हातात पडलं की अवजारं बनवणारा माणूस वकिलाला किंवा सीएला फोन लावतो, "साहेब, याचे किती येतील?" आकडा बहुधा त्याने आधीच धरलेला असतो. आपल्याकडे वणी, पुसद, मूर्तिजापूर भागात वेल्डिंगच्या दुकानातून चांगली यंत्रं निघतात. त्यांच्या पेटंटची किंमत मात्र बहुतेकदा एकतर आभाळाएवढी सांगितली जाते, नाहीतर मातीमोल.

पेटंट म्हणजे यंत्र विकायची परवानगी नव्हे. तो दुसऱ्याला अडवायचा हक्क आहे. म्हणून व्हॅल्युएशनचा, म्हणजे किंमत ठरवण्याचा, प्रश्न एवढाच असतो: या हक्कामुळे कोणाला तुमच्याकडे यावंच लागेल, तो किती देईल आणि किती वर्षं देईल?

खर्चावरून भाव सांगणे

"चार लाख घातले भाऊ, तेवढे तं आलेच पायजे." खरेदीदाराला तुमच्या चार लाखांशी देणंघेणं नसतं. तो वेगळाच हिशेब करतो: तुमच्या पेटंटमधले दावे (क्लेम, म्हणजे नेमक्या कशावर हक्क आहे ते) टाळून, वेगळ्या पद्धतीने, तेच काम करणारं यंत्र बनवायला मला किती लागतील? ते काम दोन लाखांत होत असेल तर तुमची मागणी दोन लाखांच्या वर टिकत नाही. खर्चाची पद्धत खरी उपयोगी पडते ती इथे, आणि तीही समोरच्याच्या खर्चाची.

विक्री गुणिले वीस वर्षं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून जरा आकडे मांडून बघू. समजा, ट्रॅक्टरमागे लावून पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटायचं अवजार आहे. किंमत ४०,००० रुपये, वर्षाला ३०० नग जातात, म्हणजे १ कोटी २० लाखांची विक्री. मालक त्याला वीसने गुणतो आणि २४ कोटी सांगतो.

आता पेटंट वाचा. दावे फक्त पऱ्हाटी पकडणाऱ्या जबड्याचे आहेत. फ्रेम, चाकं, गिअरबॉक्स बाजारातलंच. जबड्याचा वाटा १२,००० रुपयांचा मानला तर रॉयल्टी, म्हणजे हक्क वापरू देण्याचा मोबदला, मोजायचा आधार ३६ लाख उरतो. त्यावर ५ टक्के रॉयल्टी धरली तर वर्षाचे १ लाख ८० हजार.

पुढे वर्षं. पेटंटची २० वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात, मंजुरीच्या नव्हे. अर्ज करून ६ वर्षं झाली असतील तर कागदावर १४ उरली. पण शेतातच पऱ्हाटीचा भुगा करणारी यंत्रं येऊन राहिली आहेत, तेव्हा या अवजाराला ८ वर्षांपेक्षा जास्त बाजार धरणं धाडसाचं. आठव्या वर्षी मिळणारा रुपया आज रुपया नसतो. शिवाय पेटंट कोर्टात पडू शकतं, मागणी घटू शकते. ही सगळी जोखीम धरून २५ टक्के डिस्काउंट रेट (पुढच्या पैशाची आजची किंमत काढताना दरवर्षी धरायची घट) लावला की आजची किंमत येते सुमारे ६ लाख, तीही कर सोडून.

२४ कोटी आणि ६ लाख. मधल्या फरकात कोणी लबाडी केलेली नाही, फक्त चुकीच्या गोष्टीला चुकीच्या वर्षांनी गुणलं.

"नफ्याचा पाव हिस्सा पेटंटवाल्याचा" हा ठोकताळाही अजून काही रिपोर्टांत दिसतो. अमेरिकेत तो वर्षानुवर्षं चालला. २०११ मध्ये युनिलॉक विरुद्ध मायक्रोसॉफ्ट खटल्यात तिथल्या फेडरल सर्किट कोर्टाने तो मोडीत काढला, कारण त्या पाव हिश्शाचा समोरच्या वस्तूशी काही संबंधच लागत नव्हता.

भाव फक्त बाजार ठरवतो असं समजणे

कापूसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. बीजी-२ या बीटी कापूस बियाण्याच्या पाकिटात तंत्रज्ञानाची रॉयल्टी, म्हणजे ट्रेट व्हॅल्यू, एकेकाळी सुमारे १६३ रुपये होती. केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये किंमत नियंत्रण आदेश काढला आणि २०१६ च्या हंगामात ती ४९ वर आली. २०१८ ला ३९, २०१९ ला २०, आणि २०२० पासून शून्य. मोन्सँटो कंपनीच्या मूळ पेटंटची मुदत तोवर संपली होती. मधल्या काळात एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते पेटंट रद्द ठरवलं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारून खटला परत पाठवला. जनुक तेच, पाकीट तेच. बदलत होती ती वसूल करायची ताकद. मोन्सँटोसारख्या कंपनीच्या पेटंटचं हे होतं, तर तुमच्या रिपोर्टमध्ये सरकारी धोरण आणि कोर्ट यांची जोखीम कुठे धरली आहे, हे व्हॅल्युअरला विचाराच.

ज्याचं पेटंटच होत नाही त्याची किंमत लावणे

शेती करायची पद्धत, बियाणं, वाण यांना आपल्या कायद्याच्या कलम ३ नुसार पेटंट मिळत नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेला एचएमटी धान कुठल्या कुठे पोचला, पण त्याचं पेटंट होणं शक्य नव्हतं. वाणासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे, शेतकऱ्याचा वाण त्याखाली नोंदवता येतो. भिवापूरची मिरची, वायगावची हळद यांचं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही पेटंट नव्हे. जीआय साऱ्या उत्पादकांचं असतं, ते विकता येत नाही. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ते "मालमत्ता" म्हणून दाखवलेलं दिसलं तर तो रिपोर्ट करणाऱ्याला परत द्या.

जिवंत आहे का, कोणाचं आहे, हे न बघणे

व्हॅल्युअर बोलवायच्या आधी पेटंट ऑफिसच्या मोफत शोध-पोर्टलवर नंबर टाकून बघा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

नुसता अर्ज प्रसिद्ध झाला असेल तर मंजुरीशिवाय कोर्टात दावा लावता येत नाही, त्यामुळे त्याची किंमत मंजूर पेटंटच्या बरीच खाली असते. तिसऱ्या वर्षापासून वार्षिक फी लागते. वैयक्तिक धारकाला सुरुवातीची चार वर्षं ती वर्षाला ८०० रुपये असते, आणि एवढ्यापायी पेटंट गेलेली माणसं आहेत. फी चुकली तर सहा महिन्यांची मुदतवाढ मिळते. पेटंट बंद पडलं तरी तेव्हापासून १८ महिन्यांच्या आत ते पुन्हा जिवंत करायचा अर्ज करता येतो.

अर्ज करण्याआधी यंत्र कृषी प्रदर्शनात मांडलं होतं का, यूट्यूबवर टाकलं होतं का, हेही तपासा. सूट फक्त केंद्राने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांना, तीही १२ महिन्यांपुरती. समोरचा वकील सगळ्यात आधी तुमचा जुना व्हिडिओच शोधतो.

दोन मित्रांच्या नावावर पेटंट असेल आणि लेखी करार नसेल, तर दोघांचा हिस्सा सारखा. प्रत्येक जण स्वतः यंत्र बनवून विकू शकतो, दुसऱ्याला हिशेब द्यावा लागत नाही. पण आपला हिस्सा विकायचा किंवा लायसन्स द्यायचं तर दुसऱ्याची संमती हवीच. असा अर्धा हिस्सा पूर्ण किमतीच्या निम्म्याने कोणी घेत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये काम झालं असेल तर मालक कदाचित कॉलेजच निघेल. आणि तोंडी विक्रीला अर्थ नाही: कागद लेखी हवा, रजिस्टरवर नोंद हवी.

पेपरातल्या सौद्यांवरून अंदाज बांधणे

२०११ मध्ये नॉर्टेल या टेलिकॉम कंपनीची सुमारे ६,००० पेटंटं साडेचार अब्ज डॉलरला गेली. ते बघून कॅमेरावाल्या कोडॅकच्या पेटंटांचे दोन अब्जांवर अंदाज आले, आणि २०१२ च्या अखेरीस सौदा झाला सुमारे ५२.५ कोटी डॉलरला. म्हणजे पाव किंमत. वणीच्या वर्कशॉपला तर यातलं काहीच लागू होत नाही.

दोन रिपोर्टांचे आकडे जुळत नसतील तर

रिपोर्ट फाडू नका, तीन ओळी शेजारी ठेवा: रॉयल्टी कशावर धरली, वर्षं किती, डिस्काउंट रेट किती. वरच्या उदाहरणात रेट २५ ऐवजी १५ केला की ६ लाखांचे ८ लाख होतात. जबड्याऐवजी पूर्ण अवजार धरलं की थेट तिप्पट-चौपट. रिपोर्ट कशासाठी केला आहे हेही बघा. बँकेसाठीचा आकडा जपून काढलेला असतो, भागीदार फुटताना काढलेला ताणून.

खरेदीदार "कॉपी तर गावोगावी होऊन राहिली, याचं काय घेता" म्हणाला तर तो भाव पाडतो आहे, पण मुद्दा खोटा नाही. दावा जिल्हा न्यायालयात लावता येतो. मात्र समोरच्याने पेटंट रद्द करायची उलट मागणी केली की प्रकरण उच्च न्यायालयात जातं. तो खर्च किमतीतून वजा होणारच.

एवढं करूनही तिढा सुटला नाही तर एकरकमी आकड्यावर अडून बसू नका. थोडी रक्कम आगाऊ, पुढे नगामागे रॉयल्टी आणि वर्षाला ठरावीक किमान रक्कम असा करार करा. वर्षाकाठी खरेदीदाराचं विक्री रजिस्टर तपासायचा हक्कही त्यातच लिहून घ्या.