घरच्या बारची जागा सांडपाणी ठरवतं

घरात बार करायचा म्हटलं की आधी लाकूड, दिवे आणि काचेच्या फळ्यांची चर्चा होते. आम्ही मात्र सिंकपासून सुरुवात करायला सांगू. बारच्या पाठीशी बाथरूमची किंवा स्वयंपाकघराची भिंत असेल, तर अर्धं काम तिथेच होतं. 40 मिमीच्या सांडपाण्याच्या पाइपला दर मीटरला 2 सेंमी उतार लागतो. जोडणी 4 मीटर दूर असेल तर 8 सेंमी. तेवढा उतार बसत नसेल तर सिंकचा हट्ट सोडा. पाण्याचा जग, बर्फाची बादली आणि खोलगट ट्रे ठेवून कोरडा बार उत्तम चालतो. तुंबणाऱ्या सिंकपेक्षा तो शंभर पटींनी बरा.

सिंकखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाइपच्या वाकड्या भागात, थोडं पाणी कायम साठून राहतं, त्यामुळे गटाराचा वास वर येत नाही. बारचं सिंक पाहुणे आले की वापरलं जातं आणि मग कित्येक आठवडे कोरडं. ट्रॅपमधलं पाणी उडून जातं आणि नेमका पार्टीच्या दिवशी वास सुटतो. आठवड्यातून एकदा लिटरभर पाणी ओता. बरेच दिवस बाहेर जायचं असेल तर वरून चमचाभर खाद्यतेल सोडा, बाष्पीभवन मंदावतं. सिंक रिकामं होताना गुडगुड आवाज आला तर ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातंय असं समजा. अशा वेळी पाइपला हवेची वाट हवी. ही वाट भिंत बंद करण्याआधीच प्लंबरकडून करून घ्या.

दुसरी चूक फ्रिजची. मागून उष्णता सोडणारा साधा फ्रिज बंद कपाटात कोंबला की कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि बाटल्याही नीट गार होत नाहीत. ओट्याखाली बसवायचा फ्रिज समोरून हवा घेणारा आणि सोडणाराच घ्या, आणि त्याच्या पुढच्या जाळीवर फळी ठोकू नका. सॉकेट फ्रिजच्या मागे नको, शेजारच्या कपाटात हवं, म्हणजे प्लग काढायला फ्रिज ओढावा लागत नाही. या सर्किटला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच.

कामाचा ओटा 90 सेंमी उंच ठेवा. बसायची बाजू 105 सेंमी असेल तर स्टूल 75 चं, माणशी 60 सेंमी रुंदी आणि गुडघ्यांसाठी 25 ते 30 सेंमी मोकळी जागा. ओट्याला संगमरवर नको. लिंबाचा थेंब पडला की आम्लाने पॉलिश खाल्लं जातं आणि तो पांढुरका डाग पुसून जात नाही. ग्रॅनाइट घ्या.

बहुतेक बाटल्या 30 ते 33 सेंमी उंच असतात, म्हणून दोन फळ्यांमध्ये 38 सेंमी ठेवा. फळीची खोली एकाच रांगेपुरती, 12 सेंमी. दोन रांगा केल्या की मागची बाटली विसरली जाते. 90 सेंमीच्या फळीवर 11 भरलेल्या बाटल्या म्हणजे सुमारे 14 किलो वजन. त्यामुळे काच टफन्ड आणि 10 मिमीची घ्या, मध्ये एक आधार द्या.