शेवंतीचा बहर ओसरल्यावर काय करावं?

मार्गशीर्षातल्या गुरुवारी देवीला वाहिलेली पिवळीधमक शेवंती फेब्रुवारीत पार मलूल होते. फुलं तपकिरी पडतात, खालची पानं वाळतात आणि कुंडी कचऱ्यात जाते. कृपा करून तसं करू नका. बुंध्याजवळची माती बोटाने जराशी उकरून पाहा. फिकट हिरवे, जाडसर कोंब वर येताना दिसतील. पुढच्या वर्षीची शेवंती तीच.

आधी सुकलेली फुलं देठासकट खुडा. सगळा बहर संपला की धारदार कात्रीने फांद्या मातीपासून चार-पाच बोटं ठेवून छाटा. हात आखडू नका, जुन्या लाकडी फांद्यांवर पुन्हा चांगला बहर येत नाही. मग वरची माती भुसभुशीत करून मूठभर कुजलेलं शेणखत घाला. पाणी बेताचंच द्या, कारण पानं नसलेलं झाड फार पाणी पीत नाही.

फुटवे वीतभर झाले की एप्रिल ते जूनमध्ये मुळांसकट अलगद सोडवून नव्या मातीत लावा. शेतकरी यांनाच काश्या म्हणतात. एका कुंडीतून सहज पाच-सहा रोपं निघतात. उन्हाळाभर दुपारचं ऊन टाळा, पावसाळ्यात कुंडीत पाणी साचू देऊ नका. शेवंती कुजते ती बहुधा पावसाळ्यातच.

रोपाला सहा-सात पानं आली की शेंडा खुडा. बाजूच्या फांद्या वाढल्या की त्यांचेही शेंडे खुडा. ऑगस्टच्या मध्यानंतर मात्र हात लावू नका, नाहीतर कळ्याच खुडल्या जातील.

शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड रात्र लागते. म्हणून आपल्याकडे दिवस लहान होऊ लागले की ती फुलते, साधारण ऑक्टोबर ते जानेवारी. जात लवकरची की उशिराची, यावर थोडं मागेपुढे होतं. आमच्या गॅलरीतली एक कुंडी रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली होती. शेजारची फुलांनी लवली, तरी हिला नुसती पानं. अंधाऱ्या कोपऱ्यात हलवली आणि दोनेक महिन्यांत तीही फुलली.

कळ्या दिसू लागल्या की कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा येतो. रोज सकाळी पानं उलटून बघा. थोडा असेल तेव्हाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. जास्त झाला तर संध्याकाळी निंबोळी तेल फवारा.