मशीनचा आवाज कमी करताय? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या शेडांत मशीनांचं मेंटेनन्स करत माझी बरीच वर्षं गेली. "मशीन लई ओरडतंय, काहीतरी लावून द्या की," असा फोन आला की मी आधी विचारतो, नेमकं ओरडतंय कोण? ते कुणी बघितलेलं नसतं, थर्माकोल मात्र आणून ठेवलेला असतो. एक मशीन ९५ डेसिबलचं आणि दुसरं ८५ चं असेल, तर ८५ वालं बंद केलं तरी कानाला फरक कळत नाही. आधी मोठा आवाज पकडा.

कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून भरणारं मशीन, डब्यात कोंडणं ही मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक. एका मालकांनी पिस्टन कॉम्प्रेसरभोवती प्लायवूडचा डबा ठोकला, आतून थर्माकोल चिकटवला. दिवस एप्रिलचे. दुपारी मोटर ओव्हरलोडवर ट्रिप झाली. दोन दिवस नुसतं रिसेट करून रेटलं. तिसऱ्या दिवशी मी हेड उघडलं, तर व्हॉल्व्ह प्लेटवर जळक्या तेलाची काजळी धरलेली. एवढं करून आवाज होता तेवढाच! हवेची पाईप पत्र्याच्या भिंतीला लोखंडी क्लॅम्पने आवळली होती. मालकांना पत्र्यावर तळहात टेकवायला लावला. भिंत नुसती थरथरत होती. डबा काढला, कॉम्प्रेसर आणि पाईपच्या मध्ये रबरी होज टाकला, क्लॅम्पमध्ये रबर घातलं, पायांखाली पॅड दिले, हवा ओढणाऱ्या तोंडाला सायलेन्सर बसवला. संध्याकाळी शेजारच्या लेथवरचा पोरगा न ओरडता बोलत होता.

डबा करायचाच असेल तर खालून थंड हवा आत आणि वरून पंख्याने गरम हवा बाहेर, अशी सोय हवी. दोन्ही वाटा वळणाच्या ठेवा, आतून ग्लासवूल लावा, दाराच्या फटी रबराने बुजवा. थर्माकोल आवाज फारसा शोषत नाही, पेटतो मात्र पटकन. अंड्यांचे ट्रेही लावू नका.

गार्ड, म्हणजे मशीनवरचं संरक्षक पत्र्याचं झाकण, खडखडत असेल तर हाताने चाचपायचं ते मशीन बंद करून. ढिले बोल्ट आवळा, पत्र्याखाली रबराची पट्टी द्या. पाच मिनिटांचं काम, पण नवीन पोरांना धीर नसतो, ते सरळ फोम विकत आणतात.

मशीनवरच्या चिप्स, म्हणजे धातूचा कीस, हवेने उडवायला तांब्याची नळी चेपून वापरू नका. कमी आवाजाचं नोझल मिळतं, ते लावा आणि प्रेशर उतरवा.

फाउंड्रीत फेटलिंग करताना, म्हणजे ओतलेल्या तुकड्याची (कास्टिंगची) जादा धार घासून काढताना, ते कास्टिंग लोखंडी टेबलावर तसंच ठेवलं तर घंटेसारखं वाजतं. खाली वाळूची पिशवी घ्या. मी तरी दुसरं काही वापरत नाही.

कानात कापूस घालून काही उपयोग नाही. ९० डेसिबलला आठ तास ही कारखान्यांसाठीची मर्यादा आहे, पण कान त्याच्या आधीपासूनच झिजू लागतात. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट धरून ठेवा. हात तेलकट असतील तर आधी धुऊन या.