रोइंग मशीनवर 28 चा रेट टिकत नाही? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा आमच्याकडे जिमला यायला लागला. सोळाशे मीटर पळून पळून गुडघा धरला होता, म्हणून दम राखायला रोइंग मशीन, म्हणजे सरकत्या सीटवर बसून साखळीची दांडी वल्हवल्यासारखी ओढायची. दोन आठवड्यांनी मला म्हणाला, "सर, 20 च्या रेटला, म्हणजे मिनिटाला 20 ओढींना, अर्धा तास आरामात निघतो. पण 28 च्या वर गेलो की दीड मिनिटात खलास. दम कमी पडायलाय का?"

मी मोबाइल घेऊन बाजूला उकिडवा बसलो आणि त्याचा व्हिडिओ काढला. 20 ला साखळी अगदी सरळ, ताणलेल्या दोरीसारखी. 30 ला तीच साखळी लाटेसारखी वरखाली होत होती, दांडी गुडघ्यांवरून उडी मारून पुढे जात होती आणि प्रत्येक वेळी सीट पुढे येऊन टाचांवर आदळत होती. त्याचा दम चांगलाच होता. तो वाया कुठे जात होता, ते व्हिडिओत दिसत होतं.

छत्रपती संभाजीनगरमध्ये मी बरीच वर्षं हे शिकवतो. लातूर, नांदेड, परभणीहून ओळखीची पोरं व्हिडिओ पाठवतात. चुका जवळपास त्याच त्याच असतात, आणि त्यातली पहिली सुधारली की बाकीच्या निम्म्या आपोआप जातात.

रेट म्हणजे वेग, हा समज

स्ट्रोक रेट म्हणजे मिनिटाला किती स्ट्रोक, म्हणजे ओढी, मारल्या, एवढंच. मशीन किती पळालं ते स्प्लिट सांगतं, म्हणजे 500 मीटरला लागणारा वेळ. मॉनिटरवर दोन्ही आकडे असतात, पण नजर चिकटते रेटवर, कारण तो लगेच वाढवता येतो.

त्या मुलाचा हिशेब बघा. 20 च्या रेटला स्प्लिट 2:15, म्हणजे साधारण 142 वॉट. 30 च्या रेटला स्प्लिट 2:11, म्हणजे साधारण 156 वॉट. मिनिटाला दहा स्ट्रोक जास्त मारून हाती आले फक्त 14 वॉट. एका स्ट्रोकमागचं काम काढलं तर 20 ला ते सव्वाचारशे ज्यूलच्या आसपास होतं, 30 ला उरलं 310. प्रत्येक ओढीतला चौथ्या हिश्शाहून जास्त जोर गेला.

हाच हिशेब उलटा मांडला की गंमत कळते. 20 ला जी ओढ आहे तीच जशीच्या तशी ठेवून रेट वाढवला, तर 22 ला 2:11 यायला हवं, 24 ला 2:07, 26 ला 2:04 आणि 28 ला 2:01. म्हणजे जो 2:11 त्याने धापा टाकत 30 ला काढला, तो 22 लाच निघायला हवा होता.

विहिरीवर पाणी शेंदलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. पोहरा पुरता बुडायच्या आत ओढला तर हात भराभर चालतात, खेपा वाढतात, हौद मात्र भरत नाही. आणि मशीनवर प्रत्येक खेपेचं भाडंही आहे: आपलं साठ-सत्तर किलोचं अंग पुढे आणायचं, थांबवायचं, पुन्हा मागे ढकलायचं. ही मेहनत मॉनिटर मोजत नाही, पण छाती मोजते. दीड मिनिटात खलास होण्याचं मूळ इथे आहे.

म्हणून माझा नियम असा: रेट दोनने वाढवला आणि स्प्लिट निदान दोन-तीन सेकंदांनी उतरला नाही, तर तो रेट अजून तुमचा झालेला नाही. एक पायरी खाली या. मोठ्या पल्ल्यात ओढ थोडी हलकी पडतेच, ती चालते. स्प्लिट जागचा हलतच नसेल तर ते चालत नाही.

पुढे येताना धावत येणं

स्ट्रोकचे दोन भाग. पायाने ढकलत मागे जाणं म्हणजे ड्राइव्ह, परत पुढे सरकणं म्हणजे रिकव्हरी. 20 च्या रेटला एक स्ट्रोक 3 सेकंदांचा, 24 ला अडीच, 30 ला 2 सेकंदांचा. ड्राइव्ह जेमतेम पाऊण ते एक सेकंदाचा असतो आणि तो फार आखडत नाही. कमी होतो तो रिकव्हरीचा वेळ. इथे लोक घाई करतात, आणि नेमकी चुकीच्या जागी करतात.

वेळ वाचवायचा तो मागच्या टोकाला. दांडी छातीखाली बरगड्यांना टेकली की हात तिथे विसावता कामा नयेत. टेकल्याबरोबर हात सरळ पुढे, मग कमरेतून धड पुढे, दांडी गुडघ्यांच्या पलीकडे गेली की मगच गुडघे उचलायचे. हात, धड, पाय. जाताना याच्या उलट: पाय, धड, हात. हात चटकन सुटले की सीट शांतपणे सरकायला वेळ मिळतो. घाई करणारा आधी गुडघे उचलतो, मग दांडीला वाट नाही म्हणून ती वरून न्यावी लागते, साखळी लाट मारते, आणि शेवटच्या वितभर अंतरात सीट सुटल्यासारखी पुढे आदळते. त्या धडकेत नडगी उभ्या रेषेच्या पुढे जाते, टाच फार वर उचलते, आणि पुढची ओढ पायाऐवजी कमरेतून सुरू होते. कंबर धरते ती बहुतेक अशीच.

यावर मला सगळ्यात भरवशाचा वाटलेला इलाज म्हणजे पायाचे पट्टे सोडून रोइंग करणं. पट्टा नसला की पायाने पट्ट्याला ओढून घेत पुढे येणं जमत नाही, आणि मागे फार रेललात तर पाय पाटीवरून सुटतात. चूक मशीनच दाखवून देतं. रोज सुरुवातीची दहा मिनिटं असं करा. 24 ला पाय जागेवर राहिले की 26 ला बघा. दुसरा सराव थांबण्याचा: हात पुढे आणि धड झुकलेलं, अशा स्थितीत एक क्षण थांबायचं आणि मग सरकायचं. दहा स्ट्रोक असे, दहा सलग.

लिव्हर दहावर

फ्लायव्हीलच्या, म्हणजे साखळीने फिरणाऱ्या चाकाच्या, बाजूचा लिव्हर, ज्याला डँपर म्हणतात, तो 1 ते 10 असतो आणि जिममध्ये तो कायम 10 वर सापडतो. पोरांना वाटतं, ती वजनाची पाटी आहे. डँपर फक्त आत किती हवा जाते ते ठरवतो. 10 वर हवा जास्त, चाक दोन स्ट्रोकच्या मधे लवकर मंदावतं, आणि प्रत्येक वेळी ते जवळपास नव्याने उठवावं लागतं. त्यावर चढा रेट धरायचा म्हणजे ओल्या काळ्या रानातून पळण्यासारखं.

कॉन्सेप्ट टू कंपनीचं मशीन असेल तर लिव्हरचा आकडा सोडा, ड्रॅग फॅक्टर बघा, म्हणजे हवा चाकाला खरोखर किती अडवते त्याचा आकडा. मॉनिटरवर 'मोअर ऑप्शन्स' मध्ये 'डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर' आहे, तो उघडून पाच-सात स्ट्रोक मारा. बहुतेकांना 110 ते 130 पुरतं. ते लिव्हर 3 ते 5 च्या दरम्यान कुठेतरी मिळतं. हे सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडची धूळ. जाळीत धूळ साचली की त्याच लिव्हरवर ड्रॅग उतरतो. उन्हाळ्यात हवा विरळ होते, त्यानेही थोडा फरक पडतो. डिसेंबरचा 4 आणि मेचा 4 सारखा नसतो. स्प्लिटची काळजी नको, मॉनिटर दर स्ट्रोकला ड्रॅग मोजून हिशेब करतो.

बारीक पण नडणाऱ्या गोष्टी

दांडी मुठीत आवळू नका. बोटं हुकासारखी अडकवली की पुरतं, नाहीतर फुप्फुसाच्या आधी मनगटापुढचा हात भरून येतो. पट्टा बोटांच्या मुळाशी, पायाच्या रुंद भागावर यावा. श्वास: 20 ला स्ट्रोकमागे एक श्वास पुरतो. चढ्या रेटला, जोर लागला की, बहुतेकांना दोन लागतात, एक ड्राइव्ह संपताना सोडायचा आणि एक पुढे येताना. श्वास रोखून ओढणारे खूप दिसतात, त्यांची मिनिटभरात गाडी बंद पडते.

20 वरून थेट 32

ऑलिंपिकचे व्हिडिओ बघून हे होतं. आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा नौकानयनपटू दत्तू भोकनळ 2016 मध्ये रिओला सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या नौकेत, तेरावा आला, 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून सुवर्ण घेऊन आला. विहिरी खोदण्याच्या कामावर राबलेला माणूस. पोरांनी त्याला आदर्श मानावं, मला आनंदच आहे. पण शर्यतीत दिसतो तो 2000 मीटरचा कळस. त्याखाली 18-20 च्या रेटला घातलेले तासन् तास असतात, ते व्हिडिओत येत नाहीत.

आठवड्यात चढ्या रेटचे दिवस दोनच. बाकी दिवस 18 ते 20 ला अर्धा-पाऊण तास, बोलता येईल इतक्या जोरात. चढ्या दिवसांपैकी एक दिवस शिडी: 4 मिनिटं 20 ला, 3 मिनिटं 22 ला, 2 मिनिटं 24 ला, 1 मिनिट 26 ला. प्रत्येक पायरीला स्प्लिट उतरला पाहिजे. दुसऱ्या दिवशी तुकडे: 1 मिनिट 26 ला, 1 मिनिट हलकं, असं आठ वेळा. आठही सारखे निघाले तर पुढच्या आठवड्यात तेच 28 ला, मग दीड मिनिट, मग 2, आणि शेवटी 4 मिनिटांचे तीन. पाचव्या तुकड्यात स्प्लिट वाढायला लागला तर त्या दिवशी तिथेच थांबा. वाकडे स्ट्रोक मारत आठ पूर्ण केले, तर शरीर वाकडेच स्ट्रोक शिकतं.

मे महिन्यात नवा रेट

पारा चाळिशीपार आणि जिमवर पत्रे. त्याच स्प्लिटला ठोके नेहमीपेक्षा वर जातात, कारण रक्ताला अंगही थंड ठेवायचं असतं. मुलं समजतात आपण खचलो, आणि जोर वाढवतात. उन्हाळा सुरू झाला की पहिले दहा-बारा दिवस अंगाला सवय होऊ द्या, तुकडे कमी करा, पहाटे साडेपाचला या, मीठ घातलेलं ताक जवळ ठेवा. लाइट गेली तरी मशीन चालू राहतं, मॉनिटर सेलवर आणि फिरत्या चाकावर चालतो. पण पंखा बंद झालेला असतो, म्हणून मी तुकडे तिथेच थांबवतो. चक्कर, मळमळ किंवा घामातही अंगावर काटा आला तर उतरायचं, सावलीत बसायचं, पाणी प्यायचं. बरं वाटलं नाही तर दवाखाना. कमरेत कळ उठली तरीही तेच: उतरायचं.

त्या मुलाला मी तीन आठवडे 24 च्या वर जाऊ दिलं नाही. चिडला होता. सातव्या आठवड्यात 4 मिनिटं 28 ला बसला, स्प्लिट 2:05, साखळी सरळ. उतरल्यावर पहिलं काय केलं, तर मोबाइल मागितला, व्हिडिओ बघायला.