सॅन अँड्रियासमध्ये मॉड टाका, पण मूळ फाइलींना हात न लावता

जीटीए सॅन अँड्रियास हा गेम पीसीवर २००५ला आला, तरी लोक अजून त्यात अ‍ॅम्बॅसेडर नि रिक्षा घालून फिरवतायत. गेममध्ये असा बाहेरून टाकलेला बदल म्हणजे मॉड. जुन्या व्हिडिओंत सांगतात की टूल घ्या, जीटीए-थ्री डॉट आयएमजी उघडा, जुनी गाडी काढून नवीन टाका. ते करूच नका. त्या एका फाइलीत गाड्या, माणसं, बिल्डिंगा सगळं कोंबलेलं असतं, बिघडली आणि बॅकअप नसला की बसा गेम परत इन्स्टॉल करत. त्यापेक्षा मॉड लोडर वापरा, तो मूळ फाइल तशीच ठेवतो, गेम चालू होताना तिच्या जागी तुमची वाचतो.

आधी व्हर्जन बघा, लोक अडकतात ते इथेच. जुने मॉड बहुतेक १.० साठी बनलेत आणि स्टीमवरून घेतलेल्या गेमची ईएक्सई, म्हणजे गेम सुरू करणारी फाइल, वेगळी असते, मग मॉड टाकला की गेम उघडतच नाही. त्यासाठी डाउनग्रेडर मिळतो, तो तुमच्या कॉपीला १.० वर आणतो. २०२१ची डेफिनिटिव्ह एडिशन असेल तर हा लेख सोडा, ती अनरियल इंजिनवर आहे, तिचे मॉड वेगळे.

गेमचं अख्खं फोल्डर प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर काढा, सरळ डी ड्राइव्हवर, नाहीतर विंडोज परवानगीवरून कटकट करत राहतं. एक कॉपी बाजूला ठेवा. सेव्ह गेम डॉक्युमेंट्समध्ये असतात, तेही उचलून ठेवा.

आता एएसआय लोडर (एएसआय प्रकारच्या मॉड फाइली गेममध्ये चालू करणारा), मग मॉड लोडर, आणि जमलं तर सायलेंटपॅच, तो गेममधले जुने बग काढतो. तिन्ही गेमच्या मेन फोल्डरमध्ये, ईएक्सईच्या शेजारी. गेम एकदा चालवून बंद करा. मॉडलोडर फोल्डरमध्ये लॉग फाइल तयार झाली म्हणजे काम झालं.

समजा रिक्षा टाकायचीय. मॉडलोडरमध्ये ‘रिक्षा’ नावाचं फोल्डर बनवा, त्यात दोन फाइली, डीएफएफ म्हणजे मॉडेल आणि टीएक्सडी म्हणजे त्याचा रंगरूप. दोन्हींचं नाव ज्या गाडीच्या जागी टाकताय तिचंच हवं. नाव इन्फर्नस (गेममधली वेगवान स्पोर्ट्स कार) ठेवलंत तर शहरातली प्रत्येक इन्फर्नस रिक्षा होणार, आणि पळणारही इन्फर्नससारखी, तीन चाकांवर सुसाट! ते नको असेल तर मॉडसोबतच्या रीडमीमध्ये हँडलिंगची, म्हणजे गाडी कशी पळते-वळते ते ठरवणारी, एक लांब ओळ असते, ती टेक्स्ट फाइल त्याच फोल्डरमध्ये राहू द्या. कंटाळा आला की फोल्डर बाहेर काढा, इन्फर्नस परत.

एका वेळी एकच मॉड टाका आणि खेळून बघा. वीस एकदम टाकले आणि क्रॅश झाला तर कोणाला धरणार? तसं झालंच तर अर्धे फोल्डर बाहेर काढा, गेम चालला तर चोर बाहेरच्यांत आहे, मग त्यांचे परत अर्धे करा. सुरूच होत नसेल तर डॉक्युमेंट्समधली जीटीए-एसए डॉट सेट डिलीट करून बघा, त्यात फक्त सेटिंग असतात.

फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती फ्रेम दिसाव्यात ती मर्यादा) बंद करून फुशारकी मारू नका, फ्रेम वाढले की गेमचा हीरो सीजेला धड पोहताही येत नाही.

मल्टिप्लेअर खेळणाऱ्यांनी त्यासाठी गेमची वेगळी, मॉड नसलेली कॉपी ठेवा, क्लिओ (स्क्रिप्टचे मॉड चालवणारं टूल) दिसला की बरेच सर्व्हर थेट बॅन करतात.