डबल बासवाला पियानो क्विंटेट: रचना शोधताना या चुका टाळा

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नावावर भुलणं. सूचीत ‘पियानो क्विंटेट’ (पियानो धरून पाच वाद्यांची रचना) दिसलं, की बहुतेक वेळा त्याचा अर्थ पियानो, दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो असा असतो. शूमान (ओपस म्हणजे रचना क्रमांक ४४), ब्राम्स (ओपस ३४), ड्व्होर्झाक (ओपस ८१) या संगीतकारांचे क्विंटेट याच मांडणीचे. तुमच्याकडे व्हायोलिन एकच आणि पाचवा डबल बास असेल, तर यातलं एकही तुमच्या कामाचं नाही.

तरी तालुक्याच्या गावी हेच घडतं. घाईत शूमान डाउनलोड होतो, बस स्टँडजवळच्या झेरॉक्सवर छापला जातो आणि दुसऱ्या व्हायोलिनचा पार्ट (त्या एका वाद्याची स्वरलिपी) बासवाल्यासमोर ठेवला जातो. बास मुळातच लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो. उंच सूर जमत नाहीत म्हणून वादक आणखी एक सप्तक उतरतो. आता चेलो ‘सा’ धरून बसलाय आणि मधल्या आवाजाचा ‘ग’ त्याच्याही खाली गेलाय. कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा, पायाच बदलतो. मग तीन-तीन तालमी खुंट्या पिळण्यात जातात, कारण सगळ्यांना वाटतं सूर उतरलेत. सूर नीटच असतात, पार्ट चुकीचा असतो.

उपाय दोन मिनिटांचा आहे. छापण्याआधी पूर्ण स्कोअरचं (सगळ्या वाद्यांच्या एकत्र स्वरलिपीचं) पहिलं पान उघडा आणि डावीकडची वाद्यांची नावं वाचा. जर्मनमध्ये कोंट्राबास, इटालियनमध्ये कोंट्राबासो, फ्रेंचमध्ये कोंत्रबास. ते नाव नसेल तर पान बंद करा.

दुसरी चूक: शूबर्टचा ‘ट्राउट’ (१८१९) वाजवून शोध थांबवणं. रचना उत्तमच आहे, पण दर कार्यक्रमात तीच का? याच पाच वाद्यांसाठी (पियानो, व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास) दुसेकचा एफ मायनर (ओपस ४१) आहे, हुमेलचा ओपस ८७, रीसचा बी मायनर (ओपस ७४), लुईझ फारांकचे दोन (ओपस ३० आणि ३१), गेट्झचा सी मायनर (ओपस १६), व्हॉन विल्यम्सचा सी मायनर (१९०३). सुरुवात फारांकपासून करा. तिच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. व्हॉन विल्यम्सचा क्विंटेट छापून आला अगदी अलीकडे, २००२ साली, म्हणून त्याचे पार्ट विकतच घ्या.

हुमेलच्या ओपस ७४ मध्ये खाच आहे. एकाच क्रमांकाखाली सेप्टेट (सात वाद्यांची रचना) आणि क्विंटेट, दोन्ही आवृत्त्या आहेत. फाइलमध्ये बासरी, ओबो, हॉर्न दिसले तर ती सेप्टेटची. दोन्हींचे पार्ट एकत्र करू नका.

मोझार्टचा के. ४५२ (के. हा त्याच्या रचनांचा सूचीक्रमांक) आणि बेथोव्हनचा ओपस १६ हे क्विंटेट पियानो आणि ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न, बासून या फुंकवाद्यांसाठी आहेत. तारवाद्यांवर ओढू नका.

पियानोवादकाला फक्त पियानोची ओळ छापून देऊ नका. वरच्या चार ओळी दिसल्याशिवाय प्रवेश चुकतोच. ‘ट्राउट’च्या चौथ्या भागात मूळ धून फक्त तारवाद्यं वाजवतात, पियानो पहिल्या व्हेरिएशनला (धून बदलून पुन्हा येते तिथे) येतो, तिथे घाईचे वादक हमखास आधीच शिरतात.

डिजिटल पियानो असेल तर ट्यूनिंग ४४० हर्ट्झवर आणि ट्रान्सपोज (पट्टी बदलण्याची सोय) शून्यावर आहे ना, ते पाहा. एप्रिल-मेमध्ये कूलरचा झोत चेलो-बासवर घेऊ नका. ओलावा लाकडात शिरतो, कूलर बंद झाला की कोरड्या हवेत खुंट्या सुटतात. पानं मात्र वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांना चिमटे लावाच.